पन्नास खोके, पेंग्विन आणि पोळ्याची झडती

२०२२च्या पावसाळी अधिवेशनात विधान भवनाच्या पायऱ्यांवर विरोधकांनी, शिवसेनेतून फुटलेल्या आमदारांना पन्नास-पन्नास कोटी मिळाल्याचं सुचवत, ‘पन्नास खोके, एकदम ओके’ ही घोषणा दिली आणि आठवडाभरात ती त्यांच्या हातून सुटली. २४ ऑगस्टला त्याच पायऱ्यांवर सत्ताधारी आणि विरोधी आमदारांची धक्काबुक्की झाली. त्या झटापटीत आपल्या अकोला जिल्ह्यातले राष्ट्रवादीचे आमदार अमोल मिटकरी पुढं होते. त्याच आठवड्यात पोळा आला, तर राज्यात काही ठिकाणी शेतकऱ्यांनी बैलांच्या अंगावर रंगानं हीच ओळ लिहिलेली. मग तर पानठेल्यावर कोणी जुनी उधारी चुकती केली तरी ‘खोके आले काय बे?’ असं विचारणं सुरू झालं. पुढच्या वर्षी मिटकरींचाच पक्ष फुटला आणि ते अजित पवारांसोबत सत्तेच्या बाजूला गेले. घोषणा मात्र कोणत्याच पक्षासोबत गेली नाही, ती लोकांकडेच राहिली.

अशी एखाद्या पुढाऱ्यामागं किंवा टोळक्यामागं कायमची चिकटलेली थट्टा म्हणजे नुसती टवाळी, की राजकीय टीकेचा रास्त प्रकार? प्रश्न पुस्तकी वाटतो खरा, पण आमच्या अमरावती जिल्ह्यात त्याच्यावरून सरकारला घाम फुटला होता. ऑक्टोबर २०२२ मध्ये बडनेऱ्याचे आमदार रवी राणा यांनी अचलपूरचे आमदार बच्चू कडू यांच्यावर जाहीर आरोप केला, की गुवाहाटीला जाण्यासाठी त्यांनी पैसे घेतले. दोघं एकाच जिल्ह्यातले, दोघांचाही पाठिंबा एकाच सरकारला. कडूंनी १ नोव्हेंबरपर्यंत पुरावा मागितला. अखेर मुख्यमंत्री एकनाथ शिंदे आणि उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी दोघांना मुंबईला बोलावून समोरासमोर बसवलं आणि राणांनी शब्द मागं घेऊन दिलगिरी व्यक्त केली.

यातली गंमत अशी, की तोपर्यंत दोन महिने हजारो लोक तेच ओरडत होते आणि पुरावा कोणी मागितला नव्हता. घोषणा ज्यावर उभी होती ते सगळ्यांनी पाहिलेलं होतं: आमदार आधी सुरतला गेले, मग गुवाहाटीला, मग गोव्याला, आणि परतले तेव्हा सरकार बदललेलं होतं. रकमेचा आकडा हा लोकांनी लावलेला तर्क होता आणि तो तर्क आहे हे ओरडणाऱ्यालाही माहीत होतं. राणांनी त्या घोषणेला एक नाव जोडलं. नाव जोडलं की विनोद संपतो आणि आरोप सुरू होतो, आणि आरोप करणाऱ्यानं कागद दाखवावा लागतो. कडूंची मागणी अगदी रास्त होती.

ही झाली एक हद्द. टवाळी आणि टीका यांच्यातली दुसरी हद्द जास्त अवघड आहे. माझं मत सरळ आहे: विनोद किती झोंबतो किंवा किती वेळा केला जातो यावर काही ठरत नाही. तो माणसाच्या करणीला धरून आहे, की त्याच्या देहाला, जातीला, आजाराला, बायकापोरांना, एवढं पाहावं. हे शिकायला आम्हाला मुंबईच्या क्लबात जायची गरज नाही, पोळ्याच्या आखरावर हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं आहे.

बाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगतो. विदर्भात पोळ्याच्या दिवशी दुपारनंतर गावातल्या बैलजोड्या सजून आखरावर येतात. शिंगांना बेगड, पाठीवर झूल, कपाळाला बाशिंग. समोर आंब्याच्या पानांचं तोरण बांधलेलं असतं, मानाची जोडी पुढं असते आणि तोरण तुटेपर्यंत सगळ्यांना थांबावं लागतं. या थांबण्याच्या वेळात झडत्या होतात. एक जण यमक जुळवून चार-सहा ओळी मोठ्यानं म्हणतो, शेवटी पार्वतीला नमन करून ‘हर बोला’ म्हणतो, आणि सारा आखर ‘हर हर महादेव’ म्हणून गर्जतो. लगेच दुसऱ्या बाजूचा कोणी तरी त्याला उत्तर देतो. झडतीत सावकार येतो, तलाठी येतो, कापसाचा भाव येतो, कर्जमाफीची यादी येते, मंत्री येतो. ज्याच्यावर झडती आहे तो पुष्कळदा तिथंच, फेटा बांधून, दहा पावलांवर उभा असतो. त्याला हसावं लागतं.

मोर्शी-वरुडकडची संत्रीच घ्या. संत्र्यावर प्रक्रिया करणारा मोठा कारखाना आणू, हे आश्वासन इथला बागायतदार निवडणुकीमागून निवडणूक ऐकत आलेला आहे. त्यावर झडती कशी व्हावी, याचा मीच जुळवलेला एक नमुना देतो:

आंब्या बहार गळला, मिरगही गेला,
साह्यबानं नारळ फोडला, खोबरं घेऊन गेला!
फॅक्टरीचा पाया म्हन्ते खंदला व्हता कवाचा,
त्याच्यात आता बैल चरते आपल्याच गावाचा!

इथं साहेबांचं नाव नाही, पक्ष नाही. तरी मोर्शीत उभं राहून म्हटली तर ज्याला लागायची त्याला लागेल, आणि पाच वर्षांनी साहेब बदलले तरी ओळ शिळी होणार नाही. कारखाना खरंच सुरू झाला तर मात्र त्या दिवशी ती मरेल. टीका करणाऱ्या विनोदाची ही माझ्या मते सगळ्यात भरवशाची खूण आहे: ज्याच्यावर विनोद आहे त्याला तो बंद पाडण्याचा उपाय हाती असतो. काम करा, विनोद बंद. आता याच चार ओळींत साहेबाचं पोट, त्याचं लंगडणं किंवा त्याची जात घातली असती, तर त्यानं कारखाना बांधूनही ती झडती थांबली नसती. हशा तेवढाच आला असता, कदाचित जास्तच. पण ती झडती राहिली नसती, शिवी झाली असती.

शिवीचीही आमच्याकडे एक जात निराळी आहे म्हणा. मोर्शी तालुक्यातल्या रिद्धपुरात महानुभाव पंथाच्या गोविंदप्रभूंच्या तोंडून येणारा अपशब्द लोक प्रसाद म्हणून घेत. पण तो मान अवलियाचा. तुमच्या-माझ्या तोंडी तो शोभत नाही.

नागपूरनं या थट्टेला आणखी पक्कं रूप दिलं. तिथं पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीची मिरवणूक निघते. काळी आणि पिवळी मारबत १८८०च्या दशकापासून निघत आलेल्या आहेत. त्यांच्यासोबत बडगे असतात. बडगा म्हणजे कागद, कापड आणि बांबूचा पुतळा, आणि तो दरवर्षी वेगळा. कधी महागाई, कधी भ्रष्टाचार, कधी एखादा चालू पुढारी, गळ्यात पाटी अडकवलेली. रोगराई, इडापीडा घेऊन जा, असं ओरडत लोक तो शहरभर फिरवतात आणि शेवटी जाळून टाकतात. जाळणं मला फार महत्त्वाचं वाटतं. त्या वर्षीचा राग त्या वर्षीच राख होतो. पुढल्या साली नवा बडगा करायचा, म्हणजे नव्यानं विचार करावा लागतो, की यंदा नेमकं कोणी काय केलं. फोनवरच्या थट्टेला ही सोय नाही. तिथला बडगा कधीच जळत नाही.

थट्टा न जळता राहिली की तिचं काय होतं, याचा मराठीतला उत्तम नमुना म्हणजे ‘पेंग्विन’. जुलै २०१६ मध्ये मुंबई महापालिकेनं भायखळ्याच्या राणीच्या बागेत आठ हम्बोल्ट पेंग्विन आणले. महापालिका शिवसेनेकडं होती, आदित्य ठाकरे या प्रकल्पामागं होते. ऑक्टोबरमध्ये त्यातला एक पेंग्विन मेला आणि खर्चावरून रान उठलं. त्या वेळी आदित्य यांना ‘पेंग्विन’ म्हणणं ही चोख राजकीय टीका होती: पैसा कोणाचा, प्राधान्य कशाला, जबाबदार कोण. हळूहळू खर्च विसरला गेला, पक्षी उरला, त्याच्यामागं ‘बेबी’ लागलं. आज ते नाव घेणाऱ्या पोरांना बाग कुठली आणि पैसे कोणाचे हे विचारा, सांगता येणार नाही. टीकेचं सालपट उरलं आणि आतली फोड गेली. तरीही ऑक्टोबर २०२० मध्ये नागपूरच्या एका तरुणाला हे नाव आणि तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांच्याबद्दलचे आणखी काही शब्द समाजमाध्यमावर लिहिल्याबद्दल पोलिसांनी अटक केली, तेव्हा ती अटक मला त्या थट्टेपेक्षा कितीतरी जास्त हलकी वाटली. फडणवीसांना फळाच्या नावानं हाक मारणाऱ्यांची गोष्ट तर आणखी सोपी. तिथं सालपटाखाली फोड पहिल्यापासूनच नव्हती. ते अंगावरून चिडवणं होतं आणि तेवढंच राहिलं.

महाराष्ट्रात हे नवीन नाही. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात आचार्य अत्र्यांनी १९५६ साली ‘मराठा’ काढला आणि स. का. पाटलांना ‘नासका पाटील’ करून टाकलं. आद्याक्षरांची कोटी, शाळकरी म्हणावी अशी. पण पाटलांचा मुंबई महाराष्ट्राला द्यायला विरोध होता, लढ्यात शंभरावर माणसं गोळीबारात गेली होती, आणि ती कोटी त्या रागावर स्वार होती. म्हणून ती चालली. अत्र्यांचं सगळंच असं नव्हतं, पुष्कळदा त्यांची लेखणी माणसाच्या घरात शिरायची, आणि तेव्हा ती मला नकोशी होते. १९६० साली ‘मार्मिक’ काढणाऱ्या बाळासाहेब ठाकऱ्यांनी तीच परंपरा पुढं नेली. शरद पवारांना ते ‘मैद्याचं पोतं’ म्हणत. यात धोरण नाही, करणी नाही, निव्वळ अंगकाठी आहे. आपण दिलखुलास हसलो कारण बोलणारा बाळासाहेब होता आणि दोघांची घरची मैत्री सगळ्यांना ठाऊक होती. २००६ मध्ये पवारांच्या कन्या सुप्रिया सुळे राज्यसभेला उभ्या राहिल्या तेव्हा शिवसेनेनं त्यांच्याविरुद्ध उमेदवार दिला नाही. मैत्रीतल्या टवाळीचा कित्ता मैत्री नसलेल्यांनी गिरवला, तिथून घसरण सुरू झाली असं मला वाटतं.

घसरण कुठवर गेली ते मे २०२२ मध्ये दिसलं. अभिनेत्री केतकी चितळे यांनी पवारांबद्दलचा एक मजकूर पुढं पाठवला. त्यात वय, आजारपण, शरीर यांवर टोमणे होते. माझ्या लेखी हा हिणकस प्रकार, टीकेच्या जवळपासही न जाणारा. पण त्यांच्यावर ठिकठिकाणी गुन्हे नोंदले गेले आणि महिन्याहून अधिक काळ त्या तुरुंगात राहिल्या. मजकूर हिणकस होता म्हणून तुरुंग योग्य ठरत नाही. या दोन गोष्टी एकत्र धरता आल्या पाहिजेत, आणि आपल्याकडे त्या नेमक्या जमत नाहीत. आपल्या नेत्यावर असलं की बदनामी, समोरच्यावर असलं की अभिव्यक्तीचं स्वातंत्र्य.

सरकार बदललं, सवय बदलली नाही. एप्रिल २०२३ मध्ये खोक्यांवर रॅप करणाऱ्या राज मुंगासे या तरुणावर अंबरनाथमध्ये गुन्हा दाखल झाला. गाण्यात कोणाचं नाव नव्हतं. मार्च २०२५ मध्ये विनोदकार कुणाल कामराच्या एकनाथ शिंद्यांवरच्या गाण्यावरून मुंबईत खारच्या ‘हॅबिटॅट’ या कार्यक्रमस्थळाची मोडतोड झाली, दुसऱ्या दिवशी महापालिकेचं पथकही तिथं पोचलं. नाव त्याही गाण्यात नव्हतं. एकनाथ शिंद्यांनी व्यंगाला मर्यादा हवी असं म्हटलं. ते गाणं मी वर सांगितलेल्या कसोटीला लावून पाहिलं तर उत्तर दोन भागांत येतं. पक्ष सोडणं, पक्ष घेऊन जाणं, ‘गद्दार’ म्हणणं हा भाग करणीवरचा. तो शब्द विधान भवनाच्या पायऱ्यांवरही ओरडला गेला आहे, आणि त्याला उत्तर द्यायला शिंद्यांजवळ मतपेटी होती, जी त्यांनी २०२४ मध्ये वापरलीही. दाढी, चष्मा आणि रिक्षा हा भाग मात्र निराळा. रिक्षा चालवून पोट भरलेल्या माणसाला रिक्षावरून हिणवणं म्हणजे गरिबीला हसणं. गाणं ओळख पटवायला म्हणून ते वापरतं, हे कबूल. पण हसू येतं ते तिथंच, आणि ते हसू सुटाबुटातलं आहे. मला ते आवडलं नाही. गाण्यावर गुन्हा मात्र नको होता.

थट्टा कोण कोणाची करतो, यानंही फरक पडतो. १९४९ मध्ये व्यंगचित्रकार शंकर यांनी राज्यघटनेच्या संथ कामावर व्यंगचित्र काढलं: गोगलगायीवर बसलेले डॉ. आंबेडकर, हातात चाबूक, मागं चाबूक घेतलेले नेहरू. ते २०१२ साली शालेय पाठ्यपुस्तकात असल्याचं गाजलं, संसदेत गदारोळ झाला, पुण्यात पुस्तकाचे एक सल्लागार सुहास पळशीकर यांच्या कार्यालयात तोडफोड झाली. पुस्तक करणाऱ्यांचा हेतू निर्मळ होता यात मला शंका नाही, आणि तोडफोडीचं समर्थन तर नाहीच. पण ज्या समाजाच्या पाठीवर खरोखरचे चाबूक पडले त्याला कागदावरचा चाबूक नुसता विनोद म्हणून दिसणार नाही, हे वऱ्हाडातल्या कोणत्याही गावात राहिलेल्याला समजायला हवं. चित्राचा विषय करणीच होता. तरी पाहणाऱ्याच्या डोळ्यांत इतिहास होता.

याच्या उलट टोकाला सांगोल्याचे तेव्हाचे आमदार शहाजीबापू पाटील. जून २०२२ मध्ये गुवाहाटीहून फोनवर त्यांनी झाडी, डोंगर आणि हाटेलाचं जे कौतुक केलं, ते राज्यभर गाणं होऊन वाजलं. बापूंनी ते अंगाला लावून न घेता स्वतःच मिरवलं. राहुल गांधींनीही जुलै २०१८ मध्ये लोकसभेत उभं राहून ‘तुमच्यासाठी मी पप्पू असेन’ असं स्वतःच म्हटलं. त्याआधी २०१७च्या गुजरात निवडणुकीत भाजपच्या जाहिरातीतला तो शब्द निवडणूक यंत्रणेनं अवमानकारक ठरवून काढायला लावला होता. शब्द सरकारी हुकमानं कागदावरून गेला, तोंडातून गेला नाही. पुढाऱ्यानं स्वतः हसून घेतल्यानं जेवढी धार बोथट होते तेवढी बंदीनं होत नाही, हे आमचे जुने पुढारी ओळखून होते. ‘मिर्झा एक्सप्रेस’ म्हणून गाजलेले वऱ्हाडी कवी मिर्झा रफी अहमद बेग यांचं नोव्हेंबर २०२४ मध्ये अमरावतीत निधन झालं. अशा कवींच्या कार्यक्रमाला पुढाऱ्यांनी पहिल्या रांगेत बसायचं आणि आपल्यावरच्या ओळीला सगळ्यांत आधी टाळी द्यायची, ही इकडची रीत.

कायद्याचं काय? इथं एक गोष्ट वऱ्हाड-मध्य प्रांताच्या नावावर आहे. स्वातंत्र्याच्या आधी नागपूर उच्च न्यायालयात भगवतीचरण शुक्ल यांच्या खटल्यात न्या. व्हिव्हियन बोस यांनी सांगितलं, की शब्दांचा परिणाम मोजायचा तो समंजस, खंबीर, धीट माणसाच्या मापानं. जो तो धोका हुंगत फिरतो त्या भित्र्या मनाच्या मापानं नाही. सर्वोच्च न्यायालय आजही याचा आधार घेतं. मार्च २०२५ मध्ये खासदार इम्रान प्रतापगढी यांच्यावरचा गुन्हा रद्द करतानाही घेतला. दुसरा निकाल मुंबई उच्च न्यायालयाचा, मार्च २०१५चा. व्यंगचित्रकार असीम त्रिवेदी यांना २०१२ मध्ये मुंबईत राजद्रोहाखाली अटक झाली होती. न्यायालयानं म्हटलं, की या चित्रांत विनोद, उपरोध असं काही नाही, नुसता भ्रष्टाचारावरचा संताप आहे. पण संताप व्यक्त करण्याचाही हक्क आहे. म्हणजे विनोद फसला, बेचव झाला, तरी माणूस गुन्हेगार होत नाही. चांगल्या विनोदाला संरक्षण आणि वाईट विनोदाला कोठडी, असं कायद्यात कुठंही नाही.

बदनामीचा कायदा आहे, तो आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये आला आहे. त्याच्या अपवादांत सार्वजनिक कामाबद्दल सद्भावनेनं दिलेलं मत येतं. मुख्य म्हणजे बदनामी हा अदखलपात्र गुन्हा आहे. पोलिसांनी परस्पर गुन्हा नोंदवून कोणाला उचलून आणावं, अशी त्याची रचनाच नाही. म्हणून तर अशा प्रकरणांत तेढ पसरवणं, शांतताभंग अशी दुसरी कलमं जोडली जातात. कार्यकर्ते तक्रार देतात, पोलीस तत्परता दाखवतात, आणि ज्याच्यावर विनोद झाला तो पुढारी मात्र आपला काही संबंध नाही म्हणून मोकळा राहतो.

म्हणून माझा निवाडा असा. ‘खोके’ टीका आहे, नाव न लावता म्हटलं तोवर. ‘पेंग्विन’ एकेकाळी टीका होती, आता नाही. अंगकाठी, आजार, रिक्षा, जात यांवरचं सगळं टवाळी, मग ती कितीही मोठ्या माणसानं केलेली असो. आणि यातल्या कशासाठीही पोलिसाची गाडी दारात यायला नको. एखाद्या नेत्याला खरोखर बोचलं असेल तर त्यानं स्वतः न्यायालयात फिर्याद द्यावी, शपथेवर साक्ष द्यावी आणि उलटतपासणीला उभं राहावं. तो रस्ता १८६०च्या दंडसंहितेपासून उघडा आहे.